आधी तिकडे बघायचं

इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं त्यांना रस्तावाल्या काकू म्हणायची. पोरांनी ठेवलेली नावं सहसा चुकत नाहीत, हेही चुकलेलं नव्हतं. परदेशी शिकायला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला कॉलेजात दरवर्षी एक पुरस्कार मिळायचा. निवड झाली, की काकू खांद्याला कापडी पिशवी लावून यायच्या, निवडलेल्या पोराला किंवा पोरीला मागच्या फाटकाबाहेर न्यायच्या आणि रस्ता ओलांडायला शिकवायच्या. गणित कोळून प्यायलेल्या, दाढीमिशा फुटलेल्या घोड्याला रस्ता ओलांडायला!

पोरं हसायची. काकूंना त्याचं काही वाटायचं नाही. तसं त्यांना कशाचंच काही वाटायचं नाही, पण ते पुढे येईलच.

पुरस्कार काकूंच्या मुलाच्या नावाचा होता. तो याच कॉलेजातून मेकॅनिकल झाला, पुढे शिकायला परदेशी गेला आणि तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मोटारीखाली सापडला. त्या देशात गाड्या आपल्या उलट बाजूने चालतात. मुलगा काही धांदरट नव्हता. बरोबरचा मित्र नंतर घरी आला होता, तो पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होता, "काकू, तो बघून उतरला हो. नीट थांबून, बघून उतरला." बघितलं होतं खरं, पण सवयीच्या बाजूला. गाडी दुसरीकडून आली.

मग विम्याचे पैसे आले. त्या पैशांकडे घरात कुणाला बघवेना. काका कारखान्यात फिटर होते, मोडलेली वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते म्हणाले, "तो जे शिकायला गेला होता, ते कुणीतरी शिकून यायला पाहिजे. त्याच विद्यापीठात. दरवर्षी एकाला पाठवू." काकू "बरं" म्हणाल्या. त्या दिवसांत काका घराला काडी लावू म्हणाले असते, तरी काकू बरंच म्हणाल्या असत्या. फक्त सगळं ठरत आल्यावर त्यांनी एक अट घातली. जो जाईल त्याला आधी रस्ता ओलांडता आला पाहिजे. तो येतो की नाही, हे त्या स्वतः बघणार. नाही आला, तर पुरस्कार दुसऱ्या नंबरवाल्याला.

प्राचार्यांनी मोठ्या माणसाच्या दुःखाला देतात तसा मान दिला आणि अट मान्य केली. दुःखी माणसाचं एक खूळ चालवून घ्यावं लागतं, असं ते नंतर ऑफिसात म्हणाले. तेही काही खोटं नाही.

काकूंची परीक्षा दिसायला सोपी होती. कॉलेजच्या मागचा रस्ता एकेरी. गाड्या यायच्या त्या पाण्याच्या टाकीकडून, आणि छापखान्याकडे निघून जायच्या. छापखान्याकडून कधी काही यायचं नाही. पोराने कडेला उभं राहायचं आणि आधी छापखान्याकडे बघायचं, मग टाकीकडे. टाकीकडून येणाऱ्या गाड्यांवर काकूंचं लक्ष असायचं. एवढं तर कुणालाही जमेल. जमायचंही. मग काकू गप्पा सुरू करायच्या. सकाळी काय खाल्लंस, खोलीत ढेकूण आहेत का, तुमच्यात चप्पल कुणाची हरवली, असल्या बिनकामाच्या गप्पा. पोरगं रंगून उत्तर द्यायला लागलं, की मधेच म्हणायच्या, "चल." आणि हातभर उंचीचं असल्यापासून लागलेलं वळण उसळी मारून वर यायचं. मान गर्रकन टाकीकडे. काकू खांदा धरून मागे ओढायच्या, "मेलास. पुन्हा."

‘मेलास’ हा शब्द त्या ‘बटण तुटलंय’ म्हणावं तशा म्हणायच्या. पोरांचं हसू बहुतेक तिथे थांबायचं. दुपार कलेपर्यंत मान वळायला लागायची, काकू पिशवी उचलायच्या, "जा आता," म्हणायच्या. आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं.

काकू स्वतः पाणीपुरवठा खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे, काकू त्यावर पारदर्शक कागद अंथरून शाईने रेघ न् रेघ उतरवून घ्यायच्या. शहराच्या पोटातले सगळे नळ त्यांच्या हाताखालून गेलेले. हात असा, की साहेब म्हणायचे, बाईंच्या रेघेवर पाणी ठेवलं तर सांडणार नाही. मुलगा गेल्यावर महिन्याने त्या कामावर परत गेल्या, बाटली उघडली, टाक बुडवला आणि रेघ ओढली. ती जराही हलली नाही. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हात थरथरला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. काकूंनाही बरं वाटलं असतं.

कारण दुःख होतं असं म्हणवत नव्हतं. दुःख कसं, येतं, माणूस ऊर फुटेस्तोवर रडतं, मग चहा मागतं. काकूंचं तसलं काही झालंच नाही. पाय बधिर झाला की आपण तो हाताने उचलून ठेवतो ना, तशा त्या स्वतःला सकाळी उचलून ठेवायच्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि काका मुकाट्याने पाणी पीत जेवायचे. एकदा तव्याला हात टेकला, तर वास आल्यावर कळलं. हसण्यासारखं काही घडलं, की हसायचंय हे त्यांच्या ध्यानात यायचं आणि मग त्या हसायच्या, पण तोवर बाकीचे हसून मोकळे झालेले असायचे. निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला सगळ्या बायका रडल्या. काकूंनी सगळ्यांना रुमाल पुरवले.

पुरस्काराच्या समारंभाला दोघं पुढच्या रांगेत बसायची. प्राचार्य बदलले तरी भाषण बदलायचं नाही. क्षितिज, भरारी, गगन, पंख. पंख असलेल्या पोराच्या हातात काकू पाकीट द्यायच्या, फोटोग्राफर "काकू, जरा हसा" म्हणायचा, काकू हसायच्या. तेवढं एकच हसू त्यांना वेळेवर जमायचं, कारण ते कुणीतरी सांगायचं.

या वर्षी निवड एका मुलीची झाली. वर्गात पहिली, पूल बांधायचं शिकायला निघालेली. तिच्या परीक्षेच्या दिवशी सकाळीच तिची आई काकूंच्या दारात उभी राहिली. काका आत रेडिओ खोलून बसले होते. बाई औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. नवरा लवकर गेलेला, पोरगी एकुलती एक. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. चहा समोर आला, तो तिने बघितलाही नाही.

"काकू, एक मागायला आलेय. नाही म्हणू नका."

"बोला."

"आज तिला नापास करा."

आतला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. काका कानाने थोडे कमी होते, पण नको ते नेमकं ऐकू यायचं.

"मी तिला जाऊ नको म्हणू शकत नाही," बाई भडाभडा बोलायला लागली. "मी म्हटलं तर ती राहील. तशी गुणाची आहे. पण मग जन्मभर माझ्याकडे तशा नजरेने बघेल. तुम्ही म्हटलंत तर ती तुम्हाला शिव्या देईल, चार दिवस रडेल, इथे नोकरी धरेल. तुमचं काय बिघडणारे?"

"माझं काही नाही बिघडत," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं.

"मग?"

"बघू."

‘बघू’ या शब्दाने बाईचा तोल गेला. दुकानात दिवसभर लोकांची बोलणी ऐकून घेणारी बाई ती, पण तिच्या तोंडून निघून गेलं. "तुमचा एवढा सोन्यासारखा मुलगा गेला, आणि तुम्ही दरवर्षी दुसऱ्याचं एक उचलून तिकडे पाठवता? हात धजावतो कसा हो तुमचा?"

बोलून तिनेच तोंडावर हात ठेवला. काका दारात येऊन उभे राहिले. काकू थांबल्या. आता काहीतरी लागेल, आत कुठेतरी कळ येईल, म्हणून वाट बघत थांबल्या. काही आलं नाही.

"चहा गार होतोय, ताई," त्या म्हणाल्या.

बाई चहा तसाच टाकून गेली. काकांनी भरल्या कपाकडे बघितलं. "काय करणारेस?"

"बघू म्हटलं ना."

"अगं, आईने एवढं सांगितलंय. दुसऱ्या नंबरचा मुलगा आहेच की. तो जाईल."

"त्याला आई नाही का?" काकू म्हणाल्या आणि कप विसळायला घेऊन गेल्या.

दुपारी त्या फाटकाशी गेल्या तर मुलगी आधीच येऊन उभी. लहानखुरी, वेणी घट्ट बांधलेली, डोळ्यांत एक प्रकारची घाई. समोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर तिची आई बसली होती. मुलीला वाटत होतं, आई कौतुकाने आलीय. ती मधूनच तिच्याकडे बघून हात हलवत होती. आई हात हलवत नव्हती.

सुरुवातीला सगळं रीतसर झालं. आधी छापखाना, मग टाकी. मग काकूंनी गप्पा काढल्या. मुलगी गोड बोलायची. आईच्या दुकानात एक आजोबा येतात, खोकल्याचं औषध चव घेऊन विकत घेतात, असं काहीतरी सांगत होती.

"चल."

मान टाकीकडे.

"मेलीस. पुन्हा."

पुन्हा तेच. आणि पुन्हा. काकूंनी सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. मोठ्याने म्हणायला लावलं, छापखान्याच्या बाजूच्या मनगटाला रुमाल बांधला. बोलणं सुरू झालं, की रुमालाला विचारतो कोण! बाकीच्यांची मान चुकायची तेव्हा निदान अडखळायची, हिची जायची ती बाणासारखी टाकीकडे. ऊन भिंतीवरून खाली आलं. मुलीचा चेहरा रडवेला झाला.

"असं काय होतंय मला?" ती म्हणाली. "काकू, मी लहानपणी एकदा हात सोडून रस्त्यात पळाले होते. तेव्हापासून आईने असं पक्कं करून घेतलंय ना, की बस. रोज शाळेत जाताना म्हणायला लावायची. अजूनसुद्धा मी घरातून निघाले की ती जिन्यातून ओरडते, आधी इकडे बघ गं. सगळे हसतात."

काकूंनी पायरीकडे पाहिलं. बाईला सगळं दिसत होतं. पोरगी चुकतेय हे तिला कळलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा होती. त्या आशेची तिलाही लाज वाटत असावी, कारण काकूंनी बघताच तिने मान खाली घातली.

आता काय, सोपं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं. नापास म्हणायचं, रुमाल सोडून घ्यायचा, घरी जायचं. आईचं समाधान, नियमाचंही समाधान. काकूंनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टाकीकडून एक टेम्पो भरधाव येऊन त्यांच्या समोरून गेला. मुलीने मागे व्हायच्या आधी काकूंनीच तिचा दंड पकडला होता. टेम्पो गेला तरी त्यांची बोटं सुटेनात. हे काय आहे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. ती भीती होती. इतक्या वर्षांनी आलेली, चांगली सणसणीत भीती. आज हिला नापास केलं, तरी ही मुलगी अशीच राहणार होती. पूल बांधणारी पोरगी, आज ना उद्या कुठल्या तरी कंपनीच्या कामाने तिकडे जाणारच. आणि बघून उतरणार. नीट थांबून, बघून.

"ताई," काकूंनी हाक मारली. "इकडे या."

बाई उठून आली. आईच्या आणि काकूंच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत मुलगी गोंधळून उभी होती.

"माझ्याने होत नाही," काकू म्हणाल्या. "हिच्या मानेला वळण तुम्ही लावलंय. मी दिवसभर कंठशोष केला, तरी ती तुमचंच ऐकणार. धरा हिचा हात आणि तुम्ही शिकवा."

"मी?" बाईचा आवाज चिरकला. "मी सकाळी तुम्हाला काय सांगितलं, आणि तुम्ही मलाच…"

"काय सांगितलंस?" मुलगी म्हणाली. उत्तराची तशी गरज नव्हती, पोरगी हुशार होती. तिचे डोळे भरून आले.

"ताई, ऐका," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, सपाट. "माझा मुलगा लहान होता ना, तेव्हा मीही असंच शिकवलं होतं. आधी इकडे बघायचं. बोट धरून, रोज. फार ऐकणारा होता. शेवटपर्यंत ऐकलं त्याने माझं."

बाईने काकूंकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

"हिला पाठवायचं की नाही, ते तुम्ही दोघी घरी जाऊन भांडून ठरवा. मी मधे पडत नाही. पण एवढं आधी करा."

झेरॉक्सवाला काउंटरवर कोपर टेकून बघत होता. मग बाईने डोळे पुसले, हात पदराला पुसला आणि लेकीचा हात धरला. शिकलीसवरली, उंचीने आईच्या बरोबरीला आलेली मुलगी, पण हात धरल्याबरोबर तिचे खांदे लहान मुलीसारखे सैल पडले.

"आधी," बाई म्हणाली आणि अडली. तोंडात जुनंच येत होतं. "आधी तिकडे बघायचं गं. तिकडे. मग इकडे."

"आधी तिकडे," मुलगी म्हणाली.

दोघींनी छापखान्याकडे पाहिलं. रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता.

"पण तिकडून तर काहीच येत नाही," बाई म्हणाली.

"नाही येत," काकू म्हणाल्या. "तरी बघायचं."

दोघी पुन्हा पुन्हा करत राहिल्या. टाकीकडे लक्ष ठेवायचं काम काकूंचं होतं, ते त्यांनी केलं. पुढे पुढे बाईच बिनकामाच्या गप्पा काढायला लागली. दुकानातले आजोबा, घरमालकाची कटकट, जिन्यातला गेलेला दिवा. बोलता बोलता मधेच हात ओढून म्हणायची, "चल." आणि सावल्या लांब झाल्या तेव्हा एकदा, दिव्याबद्दल तणतणत असतानाच, मुलीची मान आपोआप छापखान्याकडे गेली. तिला कळलंही नाही. बाईला कळलं. ती बोलायची थांबली, रस्त्याच्या कडेलाच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मुलगी वाकून, "आई, काय झालं, आई, बरोबर आलं ना?" म्हणत राहिली.

"आलं," काकू म्हणाल्या. "पास." त्यांनी मुलीच्या मनगटावरचा रुमाल सोडला आणि तो तिच्या आईच्या हातात दिला.

त्या दोघी एकमेकींना धरून बसथांब्याकडे गेल्या. भांडण चालू झालं असावं, कारण मुलीचे हात हवेत हलताना दिसत होते. काकूंनी पिशवी खांद्याला लावली. त्यांची बस पलीकडून सुटायची. त्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. टाकीकडे पाहिलं, एक सायकल जाऊ दिली. रस्ता मोकळा झाला, आणि त्यांनी पाऊल उचललं.

तेव्हा त्यांना दिसलं, की आपला उजवा हात अंगापासून थोडा लांब, खाली, उघडा धरलेला आहे. लहान मुलाचा हात येईल, बरोबर त्या उंचीवर. बोटं थोडी वाकवून, तिथे यायचं ते अजून आलं नाही म्हणून थांबलेली. हा हात रोजच असा राहत होता की आजच, हे त्यांना सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

तो मागे घ्यावा, असं त्यांना वाटलं. पण रस्त्याच्या मधोमध मुलाचा हात सोडायचा नसतो. त्यांनी तो तसाच ठेवला, आणि पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत खाली केला नाही.